जास्वंदीतली पिल्लं कोणाची?

जास्वंद छाटायला घेतली, एक फांदी बाजूला केली तर आत एकदम दोन तोंडं उघडली! कात्री तिथेच ठेवली. वाटीएवढं घरटं, बारीक काड्या नि मुळं गोल गुंडाळून केलेलं, त्यात दोन उघडीबोडकी पिल्लं, डोळे म्हणजे कातडीखाली दोन काळे फुगवटे, आणि शेजारी एक अंडं अजून न फुटलेलं, फिकट गुलाबी, त्यावर लालसर ठिपके. फांदी हलली की आई आली असं वाटून तोंड उघडतात बिचारी.

पटकन एक फोटो काढून मैत्रिणीला पाठवला, ती म्हणाली चिमणी, भाऊ म्हणाला सातभाई. पण पीस न फुटलेल्या पिल्लाकडे बघून ओळखणं फार कठीण असतं, त्यापेक्षा घरटं नि अंडं बघा. चिमणी भोकात, वळचणीत घरटं करते, सातभाईचं अंडं निळं, शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो, फुलातला मध पिणाऱ्या इवल्याशा शिंजीरचं घरटं लोंबत्या पिशवीसारखं, आणि कबुतरासारख्या होल्याच्या पिल्लांना पिवळसर लव असते, घरटं म्हणजे चार काड्या कशातरी टाकलेल्या. म्हणजे हे सगळे बाद.

मग लांब खिडकीत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने एक पक्षी चोचीत हिरवी अळी घेऊन आला, आधी शेजारच्या झाडावर थांबून इकडेतिकडे बघितलं, मग आत शिरला. काळं डोकं, छोटा तुरा, शेपटीखाली लालभडक. लालबुड्या बुलबुल! आई की बाबा ते कळत नाही, दोघं सारखेच दिसतात आणि दोघंही भरवतात. भरवून झाल्यावर पिल्लाची पांढरी, पिशवीसारखी शी चोचीत धरून लांब घेऊन गेला, इतकी स्वच्छता.

माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लं टाकतात हे खरं नाही, पण म्हणून सारखं डोकावू नका, कावळ्या-मांजरांना घरटं कळतं. आणि पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं आखूड शेपटीचं पिल्लू खाली दिसलं तर ते बहुतेक उडायला शिकत असतं, आईबाप जवळच असतात. प्लीज त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं.

काल तिसरं अंडंही फुटलं वाटतं, खिडकीतून तीन चोची दिसल्या. जास्वंद अर्धी छाटलेली, अर्धी तशीच, पिल्लं उडेपर्यंत राहू दे.