विजय कुणावर?

मी पुण्यात जपानी शिकवते आणि अधूनमधून भाषांतराची कामं घेते. गेल्या वर्षी एका स्टुडिओनं मराठी निवेदनाचा नमुना करायला बोलावलं. जपानचा ‘सासुके’ हा अडथळे पार करण्याच्या स्पर्धेचा टीव्ही कार्यक्रम आणि त्यावरून बेतलेला ‘अमेरिकन निन्जा वॉरियर’, दोन्हींचे शेवटचे टप्पे एका दिवसात उरकायचे होते.

सकाळी 1999 ची स्पर्धा लावली. योकोहामातलं मिदोरियामा, शंभर स्पर्धक, अडथळ्यांचे चार टप्पे. आधीच्या तीन स्पर्धांत एकालाही शेवट गाठता आला नव्हता. या वेळी काझुहिको आकियामा हा खेकडे पकडणारा मच्छीमार दोर चढून माथ्यावर पोचला. या पराक्रमाला जपानीत ‘कानझेन सेइहा’ म्हणतात. मी संहितेत लिहिलं होतं, ‘पूर्ण विजय’.

आवाज देणारा मुलगा दोनदा वाचून थांबला. ‘‘ताई, विजय कुणावर? याच्यासमोर तर कुणीच नाही.’’

बरोबर होतं त्याचं. वीस वर्षं जपानी शिकवतेय आणि कोशातला अर्थ उचलून मोकळी झाले होते. एकेक करून शंभर शिखरं पूर्ण करणारे जपानी गिर्यारोहकही ‘सेइहा’च म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द आहे की! गड आपण जिंकतो तेव्हा आत शत्रू असतो. पाठीवर सॅक टाकून चढतो तेव्हा गड सर करतो. मी ‘विजय’ खोडला. ‘आकियामानं सासुके सर केला!’ मुलानं हे असं म्हटलं की काचेपलीकडे माझ्या अंगावर काटा आला.

दुपारी अमेरिका. तिथं 2006 पासून जपानी भागच उपशीर्षकांसह दाखवत होते; 2009 मध्ये स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि सुरुवातीला निवडलेले स्पर्धक मिदोरियामालाच पाठवले जायचे. 2012 पासून अंतिम फेरी लास व्हेगासला आली. चार टप्पे तेच, ती आत वळलेली उंच भिंतही तीच. नाव तेवढं बदललं. सारुतोबी सासुके हा गोष्टींतला निन्जा जपानी पोरांना ठाऊक. अमेरिकेत ‘निन्जा’ हा शब्दच शीर्षकात घालावा लागला.

पण खरा बदल मला 2015 च्या अंतिम फेरीत दिसला. 75 फूट दोर, 30 सेकंद. जेफ ब्रिटन 29.65 सेकंदांत वर पोचला. असं करणारा पहिला अमेरिकन. त्याच्यामागून आयझॅक काल्डिएरो चढला, 26.14 सेकंदांत. दहा लाख डॉलर काल्डिएरोला.

‘‘मॅडम, म्हणजे पहिला चढला त्याला बक्षीस नाही?’’ ध्वनिमुद्रण करणारे दादा खुर्ची वळवून म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. मलाही.

इथं नुसतं ‘सर केला’ पुरेना. माणूस आणि अडथळे एवढाच सामना असलेल्या खेळात अमेरिकेनं दुसरा माणूस आणून उभा केला होता. संध्याकाळी निर्मात्यांचा फोन आला, ‘‘दोन्हीकडे ‘जिंकला’च ठेवा, जोर येतो.’’ मी नाही म्हटलं. अर्धा तास समजावलं, आकियामा दोर चढतो तो भाग फोनवर ऐकवला, तेव्हा तयार झाले.

रात्री साडेनऊला शेवटची ओळ घेतली: ‘ब्रिटननं शिखर सर केलं. काल्डिएरोनंही केलं, आणि स्पर्धा जिंकली.’ पूर्णविरामाशी मुलगा क्षणभर थांबला. तो थांबा दादांनी कापला नाही.