कातळावरून उतरायचे तर आधी बूट, मग फिन

बेळगावकरांना समुद्र गाठायचा असतो तेव्हा चोर्ला घाटातून गोवा किंवा वेंगुर्ला रस्त्याने आंबोली उतरून मालवण, हे दोन मार्ग सवयीचे आहेत. तारकर्लीला होडीतून डायव्हिंग करताना पायांचा फारसा विचार करावा लागत नाही. अनवाणी पायांत पूर्ण पावलाचे फिन, म्हणजे पुढे रुंद पाते असलेले पोहण्याचे जोडे, चढवायचे आणि होडीच्या कडेवरून पाण्यात जायचे. मला मात्र खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचे होते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर वस्तऱ्यासारख्या धारेची कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) असतात, शेवाळामुळे पाय घसरतो आणि कपारींत सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचे काटे दडलेले असतात. त्यातच पाठीवर सिलिंडर असतो आणि नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचेच वजन १४ किलोंहून अधिक भरते. अशा ठिकाणी पूर्ण पावलाचे फिन निरुपयोगी ठरतात. टाचेकडून उघडे, मागे पट्टा असलेले फिन आणि त्यांच्या आत घालायचे निओप्रीनचे (स्पंजासारख्या कृत्रिम रबराचे) बूट, हीच जोडी लागते.

दुकानात प्रथम फिन दाखवले जातात, कारण नजर त्यांच्या पात्याकडेच जाते. मी आधी बूट ठरवायचे असे पक्के केले होते. फिनच्या खोबणीत पाऊल नव्हे तर बूट जातो, आणि सोल किती जाड आहे, पुढचा भाग किती रुंद आहे यावरच खोबणीचे माप ठरते.

मापासाठी मी निपाणीच्या एका चप्पल कारागिरांकडे गेलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील जिल्ह्यांबरोबर आमचा बेळगाव जिल्हाही आहे, आणि पावलाचे माप घेण्यात या लोकांचा हात कोणी धरणार नाही. त्यांनी मला सायंकाळी बोलावले, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. मग कागदावर पूर्ण भार देऊन उभे करून त्यांनी दोन्ही पावलांची रेघ आखली. बुटाच्या क्रमांकावरून लांबी कळते, चवड्याची रुंदी कळत नाही. माझा चवडा क्रमांकाच्या मानाने बराच रुंद निघाला. पुढच्या सगळ्या निवडीत तो कागदच उपयोगी पडला.

आपल्याकडचे पाणी उबदार असल्यामुळे उबेसाठी ३ मिमी निओप्रीन पुरते. मी ५ मिमीचे बूट घेतले, ते सोलसाठी आणि घोट्यासाठी. सोल चवड्याशी वाकला पाहिजे, पण खालून अंगठ्याने जोरात दाबले तर आत टोचता कामा नये. बूट घोट्याच्या वरपर्यंत यावा, झिपच्या आत पदर असावा आणि टाचेमागे पट्टा अडकण्यासाठी उंचवटा असावा. हा उंचवटा नसेल तर पट्टा खाली सरकतो, आणि लाटांत ते फार त्रासाचे होते.

फिन पाहायला मी गोव्यातील एका दुकानात गेलो, तेव्हा बूट बरोबर नेले आणि बादलीत भिजवूनच घातले, कारण कोरडा बूट खोबणीत अडतो आणि अंदाज चुकतो. बूट पूर्ण आत गेल्यावर टाच बाहेर राहावी, बोटे पुढे दुमडू नयेत, आणि पट्टा न लावता पाय उचलला तरी फिन क्षणभर पायात टिकावा, अशी माझी कसोटी होती. नंतर दुकानदारांना पाते धरायला सांगून मी पाय वरखाली हलवला. टाच डगमगली तर ते फिन बाजूला ठेवायचे. एका कंपनीचे ‘एल’ चवड्याला करकचून बसले. ते घेतले असते तर पायात गोळे आले असते. त्याच कंपनीच्या ‘एक्सएल’मध्ये बूट हलत होता. शेवटी दुसऱ्या बनावटीचे रुंद खोबणीचे ‘एल’ नेमके बसले. दोन कंपन्यांचे एकच अक्षर म्हणजे एकच माप नव्हे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पट्ट्याबाबत मी स्प्रिंगचा पट्टा निवडला. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, निओप्रीनमधील वायूचे बुडबुडे आक्रसतात आणि बूट पातळ होतो. त्यामुळे वर घट्ट बसलेला साधा पट्टा खाली ढिला पडू शकतो, स्प्रिंग मात्र ती ढील आपोआप ओढून घेते. शिवाय पाण्यात उभ्या उभ्या एका हाताने तो चढवता येतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी मालवणच्या रॉक गार्डनजवळ ओहोटीला नुसते बूट घालून, सिलिंडरशिवाय, मी बराच वेळ कातळावर चाललो. खडकाची धार तळव्याला लागली नाही. ओल्या शेवाळावर मात्र कोणताही सोल पूर्ण भरवशाचा नाही, म्हणून तेथे पाय उचलून टाकण्यापेक्षा सरकवत जावे. नंतर प्रशिक्षकांबरोबर उतरताना फिन हातात धरून नेले आणि छातीभर पाण्यात, त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन चढवले. फिन घालून कातळावर चालू नये, कारण पाते कपारीत अडकते. परत येताना क्रम उलटा असतो, पण लाटेकडे पाठ न करता.