मानमोडी की फ्लू? एका स्वॅबचा प्रवास

"मॅडम, तुम्ही कापूस फिरवून जाल आणि तुमच्या मागून खड्डे खणणारे येतील."

पहिल्याच पोल्ट्रीच्या फाटकावर हे ऐकलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या शेतकऱ्याचं खोटं नव्हतं. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा पक्षी मारून पुरले आणि तिथल्या शेडच्या शेड कशी रिकामी झाली, हे या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो.

माझ्या पीएच.डी.चा विषय मात्र नवापूरचा एच५एन१ नव्हता. मी एच९एन२ हा बर्ड फ्लूचाच सौम्य प्रकार शोधत होते. तो गुपचूप राहणारा विषाणू आहे. कोंबड्या शिंकतात, अंडी घटतात, थोडी मर होते आणि निवळते. त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. पण भारतात माणसामध्ये एच९एन२ सापडल्याची पहिली नोंद आपल्या मेळघाटातली आहे. २०१९ मध्ये सतरा महिन्यांच्या एका बाळाच्या नमुन्यात तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मिळाला. ती नोंद वाचली आणि विषय पक्का केला.

परवानग्यांत पाच महिने गेले. जैवसुरक्षा समितीची मुख्य अट अशी, की बर्ड फ्लूचे जे प्रकार घातक ठरू शकतात त्या एच५ आणि एच७साठी प्रत्येक नमुन्याची पीसीआर आधी करायची. त्यातलं काही निघालं तर आमचं काम तिथेच थांबणार, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं आणि नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जाणार. ही अट मला पूर्ण पटली होती. फाटकावर ती सांगणं मात्र जड जायचं.

तरी सांगायचं ठरवलं. एच५ निघाला तर मी लपवू शकणार नाही, १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातील, हे मी त्या शेतकऱ्याला दुसऱ्या भेटीत स्वच्छ सांगितलं. हेही सांगितलं, की सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशिरा कळवण्यात तोटा त्याचाच आहे. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "या."

शेडच्या दाराशी त्यांच्या आई बसल्या होत्या. माझा झगा, मास्क, हातमोजे बघून म्हणाल्या, "मानमोडी आसंल गं, दुसरं काय." मी वहीत ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

एकानं कोंबडी बगलेत धरायची, दुसऱ्यानं चोच उघडून घशातून काडी फिरवायची, मग दुसरी काडी गुदद्वारातून. दोन्ही काड्या प्रतिजैविकं घातलेल्या द्रवाच्या नळीत टाकायच्या आणि लगेच बर्फात ठेवायच्या. पहिली ४० स्वॅबं मी कुरियरनं पाठवली. पेटी सुट्टीच्या दोन दिवसांत गोदामात पडून राहिली आणि हातात आली तेव्हा आत कोमट पाणी होतं. इन्फ्लुएंझाचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, उष्णता त्याला सोसत नाही. अशा नमुन्यात काही सापडलं नाही, तर त्या 'नाही'ला अर्थ उरत नाही. सगळी ४० रद्द केली. त्यानंतर प्रत्येक पेटी भाड्याच्या गाडीतून मी स्वतः आणली. शिष्यवृत्तीचा मोठा भाग त्यातच गेला.

प्रयोगशाळेतलं काम मला मनापासून आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. नऊ ते अकरा दिवस उबवलेलं अंडं अंधारात दिव्यासमोर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं आणि हलणारा जीव दिसतो. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीनं आखायची, शीर चुकवून बारीक भोक पाडायचं, सुईनं नमुना सोडायचा, भोक मेणानं बंद. तीन दिवसांनी अंडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे द्रव काढताना रक्त मिसळत नाही. तो द्रव कोंबडीच्या तांबड्या पेशींबरोबर ताटलीच्या खळग्यांत घालायचा. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बटणासारख्या बसतात, आणि ताटली कलती केली की अश्रूसारख्या ओघळतात. विषाणू असेल तर पेशी एकमेकींना धरून चादरीसारख्या पसरतात.

त्याच शेतकऱ्याच्या नमुन्यात अशी चादर दिसली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ओळख पटवणाऱ्या रक्तजलानं चाचणी केली, तर निघाला राणीखेतचा, म्हणजे कोंबड्यांच्या एका वेगळ्याच रोगाचा विषाणू. तोही तांबड्या पेशी तशाच बांधतो. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की मी जाण्याच्या चार दिवस आधी पक्ष्यांना पाण्यातून लासोटाची, म्हणजे राणीखेतच्याच जिवंत विषाणूची लस दिली होती. माझ्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता.

आणि मानमोडी म्हणजे राणीखेतच! आजींचा अंदाज लस आणि रोग एवढ्या फरकानं बरोबर होता. (१९१८च्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत.) तेव्हापासून फॉर्मवर लसीचा रकाना आला, आणि घरातली माणसं रोगाला काय म्हणतात तेही मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेते.

निकाल मी त्यांना मराठीत, एका पानावर लिहून दिला : फ्लू सापडला नाही, लसीचा विषाणू दिसतो आहे. पुढच्या हिवाळ्यात त्यांनीच फोन केला. "तीन कोंबड्या शिंकताहेत." त्या तिघींपैकी एकीच्या घशात मला माझा पहिला एच९एन२ मिळाला.

जनुकीय क्रम आला तेव्हा मी आधी २२६वी जागा पाहिली. विषाणू पेशीला जिथे चिकटतो तिथली ही जागा आहे. तिथे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल असेल तर ओढ पक्ष्यांच्या पेशींकडे असते, ल्युसिन असेल तर माणसाच्या पेशींकडे वाढते. माझ्या विषाणूत ल्युसिन होतं. एवढ्यानं तो माणसात पसरतो असं होत नाही. तरी त्या घरात दोन लहान मुलं आहेत. खात्याला आणि त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवलं आणि संध्याकाळी घरी फोन केला. फोन आजींनी उचलला. कुणाला ताप, खोकला काही नव्हतं. पोरांना शेडमध्ये जाऊ देऊ नका, म्हटलं. त्या म्हणाल्या, "कडी वर लावलीय, हात पोचत न्हाई त्यांचा."