गादी की गोदी

मोडी वाचून पोट भरणारा माणूस कोल्हापुरात उपाशी राहत नाही. जमिनीचे दस्त, देवस्थानच्या सनदा, भावकीचे वाटणीपत्र, आणि अलीकडे तर कुणबी नोंदींसाठी दारात रांग. तीस वर्षं हेच करतोय. एवढ्या वर्षांत चुकीचं वाचलं असं उघड कबूल करायची वेळ एकदाच आली. त्या दिवसाची ही हकिगत.

2021 चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी उतरून आठ-दहा दिवस झाले होते. कुंभार गल्ली, शाहूपुरी, सगळीकडे गाद्या, कपाटं, वह्या रस्त्यावर वाळत घातलेल्या, आणि तो पुराचा ओला, कुबट वास. सकाळी अकराच्या सुमारास एक आजोबा आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात माझ्या खोलीत आली. आजोबांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

"वळखलं का सर? 2009 साली आलो हुतो. पणजोबांचा कागद."

ओळखलं. विसरणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांनी एका पोस्टकार्डाची झेरॉक्स आणली होती. भुदरगड तालुक्यातलं गाव, पणजोबांनी आपल्या थोरल्या भावाला लिहिलेलं चार ओळींचं पत्र. मी वाचून, देवनागरीत उतरवून, खाली सही करून दिलं होतं. त्यातलं एक वाक्य त्यांच्या घराण्याचं भूषण झालं : 'मी गादीचे कामावर लागलो.' कोल्हापुरात गादी म्हणजे एकच. करवीरची, छत्रपतींची. पुढं गावच्या देवळाच्या स्मरणिकेत ते छापून आलं, घराच्या सोप्यात पाटी लागली, आणि दरवर्षी 26 जूनला आजोबा शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालताना लोकांना सांगू लागले की आमचं पणजोबा थोरल्या महाराजांच्या चाकरीत हुतं.

आता पुरामुळं माळ्यावरचं सामान खाली-वर करताना हा डबा निघाला होता. आत नऊ पोस्टकार्डं. सुटी होतील तेवढी नातीनं रद्दी पेपरात एकेक करून वाळवली होती, फार नीटसपणे. मी तिला म्हटलं, पुरालेखागारात नोकरी करशील का? ती हसली. तिला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या.

नवातली सहा वाचण्याजोगी होती. भारतात पोस्टकार्ड निघालं 1879 साली, पाव आण्याला. गरिबाला परवडणारा कागद तोच, म्हणून त्यावर जागा वाचवत, ओळीला ओळ खेटून लिहिलेलं असतं. त्यात मोडी. आधी सरळ रेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, दोन शब्दांत जागा नाही. कुठं शब्द संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. पहिली दोन कार्डं एका हाताची, पुढची वेगळ्या हातांची. पणजोबांना लिहिता येत नसणार. खोलीतल्या जाणत्याकडून लिहून घेतलेलं.

सवयीनं मी आधी मागची बाजू पाहिली. तिथंच पोटात गोळा आला. टपालाचा शिक्का गोल, अर्धा पुसट, पण 'मांडवी' एवढं इंग्रजीत स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या कार्डावरही मांडवी.

मांडवी मुंबईतली. मूळ शब्दाचा अर्थच जकातीची जागा, बंदराला लागून असलेली. 2009 मध्ये मला कार्डाच्या एकाच बाजूची झेरॉक्स मिळाली होती आणि मी दुसरी बाजू मागितलीही नव्हती. नवशिक्याला मी पहिल्या दिवशी सांगतो, अस्सल कागद बघितल्याशिवाय सही करायची नाही. स्वतः मात्र केली होती.

ते जुनं कार्ड शोधून खिडकीपाशी नेलं. भिंग लावलं. 'गा'च्या डोक्यावर, रेघेच्या वर, फिकट तिरपी मात्रा होती. झेरॉक्स मशीननं ती खाल्ली होती. दुसऱ्या कार्डात तर शंकाच नव्हती : 'गोदींत काम भारी आहे, जहाज लागले की रात्र पाहत नाहीत.'

गादी नव्हे, गोदी.

खरं सांगायचं तर यंत्राला दोष देऊन सुटता येत नाही. मात्रा नव्हती तरी पुढचा-मागचा संदर्भ होता. 'खोलीवरचे सर्वांबरोबर खाणे पिणे आहे' असं त्याच पत्रात होतं. राजवाड्याच्या चाकरीतला माणूस खोलीवर कशाला राहील? पण मी महाद्वार रोडच्या माणसानं वाचावं तसं वाचलं. इथं तो शब्द रोज कानावर पडतो. गोदी कधी पडते?

आजोबांना सांगायला मी चहा मागवला. चहा येईपर्यंत इकडचं-तिकडचं बोललो. शेवटी नातच म्हणाली, "सर, काहीतरी चुकलंय ना?"

सांगितलं. कार्ड समोर धरून मात्रा दाखवली. आजोबा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "गोदी म्हंजे ती 44 साली उडाली ती?"

"त्यातलीच एक. स्फोट झाला तो व्हिक्टोरिया डॉकमध्ये, 14 एप्रिल 1944 ला. तुमचे पणजोबा त्याच्या आधी पन्नास वर्षं."

"मग हमाल हुतं म्हणा की."

मी काही बोललो नाही. नात म्हणाली, "त्या काळी भुदरगडातून उठून मुंबईला का गेले असतील पण?"

हा प्रश्न माझ्या धंद्याचा नव्हता, पण चूक माझी होती, म्हणून उत्तर देणं भाग होतं. आणि मुंबईच्या शिरगणतीचे आकडे हा माझा जुना नाद आहे, तोही बाहेर पडला.

कंपनी सरकारच्या हातात मुंबई आली तेव्हा ते सात बेटांचं कोळ्या-भंडाऱ्यांचं ठिकाण होतं. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात 1661 च्या करारानं इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं, आणि 1668 मध्ये त्यानं ते वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं. वस्ती तेव्हा दहा हजारांच्या आसपास धरतात. जेराल्ड ऑंजियरनं व्यापाऱ्यांना बोलावून वसवल्यावर 1675 च्या सुमारास साठ हजारांचा अंदाज. गंमत अशी की बंदर आपल्या गादीकडंही होतं. मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्यासकट. 1812 च्या तहात ते इंग्रजांना द्यावं लागलं. आजोबा म्हणाले, "म्हंजे गादीची गोदी पण गेली." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो.

मग कापूस. अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तो मुंबईतून जाऊ लागला. 1864 च्या मोजणीत मुंबई 8,16,562. युद्ध थांबलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि 1872 च्या खानेसुमारीत 6,44,405. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी! मेली नव्हती ती. गावाला गेली होती. मुंबईचं हे आधीपासूनचंच : काम आलं की भरते, काम गेलं की रिकामी होते.

1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला. 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक. त्याआधी मोठी जहाजं खाडीत नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून किनाऱ्याला यायचा. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराचं बुडालेलं जंगलच सापडलं होतं, खोडं मुळांसकट उभी. मला ते चित्र फार आवडतं, पण विषयांतर होतंय. सांगायचं ते हे की जहाज धक्क्याला लागायला लागलं तसे पाठीवर पोती वाहणारे हात शेकड्यांनी हवे झाले. ते कोकणातून आले, रत्नागिरीतून सगळ्यांत जास्त, आणि घाटावरूनही. 1901 साली मुंबईत राहणाऱ्यांत मुंबईतच जन्मलेले चौथा हिस्साही नव्हते. हजार पुरुषांमागे बायका सहाशेच्या आसपास. म्हणून तर 'खोलीवर'. पणजोबांच्या गाळ्यात चौदा जण होते, तसं एका कार्डात लिहिलंय.

ते चौदा ज्या कार्डात येतात ते कार्ड वाचताना माझा आवाज जरा बसला. उतरवून दिलं ते असं : 'येथे गांठीचा आजार फार झाला. खालचे मजल्यावर उंदीर पडले. गाळ्यांत आम्ही चौदा होतो ते पांच राहिलो. काळजी न करावी.'

काळजी न करावी! धान्याच्या वखारींनी भरलेल्या याच मांडवीत सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. म्हणजे पणजोबा आगीच्या तोंडाशीच राहत होते. चौदातले नऊ वारले की पळाले, हे कार्ड सांगत नाही. त्या वेळी मुंबई सोडून लाखो माणसं पळाली होती, त्यामुळं दोन्ही शक्य.

पण त्या दिवसाचं खरं बक्षीस पाचवं कार्ड. वर तिथी : शके 1822, फाल्गुन शुद्ध षष्ठी. हिशेब केला तर 1901 चा फेब्रुवारी संपत आलेला. मजकूर : 'सरकारची खानेसुमारी होणार. दारांवर आंकडे घातले. लोक म्हणतात आंकडा पडला की इस्पितळांत नेतात. तरी आगबोटीने विजयदुर्गास उतरून फोंड्याचे घाटाने येतो. शिमग्यास पावतो.'

मी खुर्चीत मागं टेकलो. 1901 ची खानेसुमारी झाली 1 मार्चच्या रात्री. मुंबई भरली 7,76,006. दहा वर्षांपूर्वी, 1891 मध्ये, ती 8,21,764 होती. फरक 45,758. तेव्हाच्या कोल्हापूर शहराची वस्ती 54,373, म्हणजे जवळजवळ एक कोल्हापूर आकड्यातून गळलं. हे आकडे मला पाठ आहेत, आणि मी आजवर ते प्लेगनं मेलेल्यांचे म्हणून लोकांना सांगत आलो. मेले हजारोंनी, हे खरंच. पण प्लेगचा जोर नेमका त्याच दिवसांत असायचा, आणि मोजणीच्या रात्री अनेकजण शहरातच नव्हते. 1906 मध्ये मुंबईत वेगळी मोजणी केली तर भरली 9,77,822. पाच वर्षांत दोन लाखांवर माणसं काही पाळण्यातून येत नाहीत. परत आली ती.

"म्हणजे पणजोबा त्यात मोजलेच गेले नाहीत?" नातीनं विचारलं.

मुंबईत नाही, असं दिसतं. षष्ठीला कार्ड टाकलं, मग बोट, विजयदुर्ग, खारेपाटण, घाट. शिमगा पौर्णिमेला. 1 मार्चच्या रात्री ते बोटीवर असतील, नाहीतर फोंड्याच्या चढाला. करवीर संस्थानाची त्या रात्रीची मोजदाद 9,10,011. त्यात ते असतील तर घाट चढून वेळेत पोचले म्हणून, नाहीतर कुठंच नाहीत. आजोबा म्हणाले, "माणूस जित्ता, आन् सरकारदरबारी पत्त्या न्हाई."

"पण परत गेले का हो?" ती म्हणाली.

गेले. सहाव्या कार्डावर शके 1826, शिक्का पुन्हा मांडवी. मजकूर कोरडा : पैसे पाठवले, बैलाची जोडी घ्यावी, पावसाआधी घर शाकारून घ्यावे. प्लेगबद्दल अवाक्षर नाही. उरलेली तीन कार्डं पाण्यानं एकमेकांना चिकटली होती, ती मी ओढून फाडली नाहीत. आधी वाफ द्यायची की तसंच ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याच्याकडं नेऊन दाखवा म्हटलं.

दीड वाजला. नवीन उतारा लिहून दिला, 'पूर्वीचे वाचन चुकीचे होते' असं वर लिहून, तारीख घालून. पैसे घेतले नाहीत. जुने परत द्यायला गेलो तर आजोबांनी हात मागं घेतला. नातीनं पाटीचं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. रंग उडंल तवा बगू," आजोबा म्हणाले. दारापर्यंत गेले, आणि वळून, "हार मात्र घालणार सर. त्यो काय पाटी हाय म्हणून घालतोय व्हय?"

ती दोघं गेल्यावर मी कपाटातली 2009 ची वही काढली. त्या वर्षी मी दिलेल्या वाचनांत 'गादी' हा शब्द सात ठिकाणी निघाला. पाच पक्के आहेत, अस्सल कागद पाहिलेले. दोन झेरॉक्सवरचे. त्यातल्या एकाला संध्याकाळी फोन लागला, तो म्हणाला दिवाळीनंतर कागद घेऊन येतो. दुसऱ्याचा नंबर बंद आहे. गाव गगनबावड्याकडचं आहे एवढं वहीत आहे. पाऊस ओसरला की एसटीनं जाऊन येईन.