तुम्ही विचारलंत म्हणून: डास कशाला हवेत?

‘डास उद्या संपले तर कुणाचं काय अडेल?’ हा प्रश्न ऐकून ऐकून थकलोय. मलेरिया, डेंग्यू मलाही ठाऊक आहेत. पण साडेतीन हजारांवर जाती एका फटक्यात मोडीत काढण्याआधी एवढं ऐका.

डासाचं पोट रक्तावर चालत नाही. नर तर रक्ताला तोंडही लावत नाही. बहुतेक जातींच्या मादीला रक्त हवं असतं ते अंड्यांसाठी. उडायचं बळ दोघांनाही फुलांतल्या मधातून मिळतं. थंड प्रदेशातल्या एडिस या गटातल्या डासांची अंडी बर्फाखाली हिवाळा काढतात. बर्फ वितळून डबकी साचली की अळ्या बाहेर येतात.

त्याच उत्तरेकडच्या ओलसर जंगलांत प्लॅटान्थेरा ऑब्ट्युसाटा हे हिरवट, बुटकं ऑर्किड फुलतं. मधाच्या नळीत सोंड घालताना डासाचं डोकं चिकट चकतीला टेकतं. चकती थेट डोळ्याला चिकटते आणि डास निघाला की तिच्यासोबत परागपिंड, म्हणजे परागकणांचा गोळा, उपटून येतो. पुढच्या फुलात तोच पिंड कुक्षीला, म्हणजे पराग घेणाऱ्या स्त्रीभागाला, घासतो. ही नोंद १९१३ सालची आहे, तरी लोकांना ती कल्पना वाटते.

म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला, २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सविस्तर सांगतो. काही रोपांवर पिशव्या बांधून कीटक अडवले. त्यांना फळं फार कमी धरली. मग जंगलातून पकडलेले डास पिंजऱ्यात रोपांसोबत सोडले, तर फळधारणा वाढली. पुढे वास तपासला. या फुलात नोनानल हे वासाचं रसायन भरपूर, लायलॅक अल्डिहाइड हे दुसरं अगदी थोडं. त्याच प्लॅटान्थेरा गटातल्या इतर ऑर्किडांत उलटं. लायलॅक अल्डिहाइड वाढवलं की डास पाठ फिरवतात, कारण त्यांच्या मेंदूत एका वासाची जाणीव दुसरीला दाबते. म्हणजे प्रमाण बिघडलं, की फुलाच्या हातचा डास गेला.

पूर्वी मी ठासून सांगायचो, ‘डास गेले की हे ऑर्किड गेलंच.’ ते चुकलं. या फुलावर लहान पतंगही येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ताय त्या थंड जंगलांत राहत नाही. तो नाहीसा झाला तर या फुलाचं काही अडणार नाही, हेही मान्य. पण तुम्ही ‘सगळे डास’ म्हणता, तिथे मी अडतो. पिशवीतल्या रोपांची रिकामी देठं बघा. पतंग ती सगळी भरून काढतील, असं मला अजून म्हणवत नाही.