भिशीची सहल ते जॉली बॉय: आमची वाटचाल

सांगलीत विश्रामबागला आमचं अंदमानच्या टूरचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. भिंतीवर अंदमानचा नकाशा, शेजारी तिथीवार दिनदर्शिका आणि काचेच्या कपाटात रचून ठेवलेले स्टीलचे डबे. नवीन गिऱ्हाईक आलं की डब्यांकडं बघून हमखास विचारतं, "टूरचं ऑफिस हेच ना?" दिनदर्शिका काय आणि डबे काय, आमच्या धंद्याची हत्यारंच आहेत ती. कशी झाली ते सांगते.

मी मूळची पिग्मी एजंट, म्हणजे घरोघरी जाऊन लोकांची रोजची थोडी थोडी बचत गोळा करणारी. एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करत संध्याकाळी गावभाग, खणभाग, मारुती रोड असं फिरायचे. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाचा मुलगा परदेशात, कुणाला गुडघ्याचा त्रास, सगळं माहीत. आमच्या भिशीच्या बायका वर्षाकाठी एक सहल काढायच्या. बस ठरवायची, खोल्या बघायच्या, शेवटी हिशोब वाचून दाखवायचा, हे काम आपोआप माझ्याकडं आलं, कारण माझा हिशोब पैशाला पैसा जुळायचा. गणपतीपुळे झालं, गोकर्ण-मुर्डेश्वर झालं. पुढं पतसंस्था अडचणीत आली आणि काम सुटलं. तेव्हा हे म्हणाले, "फुकटात करतेसच आहेस, आता चार पैसे घेऊन कर." 2008 साली दुकान परवाना काढला. सुरुवातीची वर्षं अष्टविनायक आणि कोकण यांवरच निघाली. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. बसवाल्यांशी भांडणं आणि घाटात उलट्या, एवढंच.

अंदमान आमच्या डोक्यात नव्हतं. ते आलं एका निवृत्त मुख्याध्यापकांमुळं. सावरकरांना सेल्युलर जेलमध्ये नेलं 1911 साली, त्याला शंभर वर्षं होत होती. सरांना त्या वर्षी ती कोठडी बघायचीच होती, आणि एकट्यानं नाही, मित्रमंडळींना घेऊन. आमच्या भागात अंदमान म्हणजे काळं पाणी आणि कोलू. समुद्र, बेटं, मासे हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी पोर्ट ब्लेअरच्या एका एजंटला फोन लावला. त्यानं छापील कार्यक्रम पाठवला: जेल, लाइट अँड साउंड, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक. (आता पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप. जेटीवरची माणसं अजून जुनीच नावं घेतात, मीही तीच लिहिते.) नकाशात मला वंडूरच्या बाजूला सागरी राष्ट्रीय उद्यान दिसलं. हे कार्यक्रमात का नाही म्हणून विचारलं, तर एजंट म्हणाला, "उसमें पूरा दिन जाता है मॅडम, परमिट का झंझट है." त्याच्या बोलण्यावरूनच कळलं की तिथं त्याला सुटण्यासारखं काही नाही. म्हणजे जागा बघायलाच हवी.

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 साली झालं. साधारण 281 चौरस किलोमीटर, त्यात पंधरा बेटं आणि मधला समुद्र. पंधरापैकी पर्यटकांसाठी उघडतात दोनच, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही आळीपाळीनं. मोसमात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, बाकीच्या काळात रेड स्किन. एकावर माणसांची ये-जा सुरू असते तेव्हा दुसऱ्याच्या प्रवाळाला उसंत मिळते. सोमवारी सगळंच बंद. बेटावर राहायची सोय नाही, खाण्याची टपरी नाही, धक्कासुद्धा नाही. वंडूरहून मोठ्या बोटीनं तासाभरात पोचायचं आणि तिथं लहान होडीत उतरून किनारा गाठायचा.

वंडूर पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटर. वाटेत सिप्पीघाटला रस्त्याच्या कडेला पाण्यात उभे वाळके ओंडके दिसतात. 2004 च्या त्सुनामीच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि तिथली भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली, ती गेलीच. उत्तर अंदमानात नेमकं उलट झालं. जमीन वर आली आणि पाण्याखालचं प्रवाळ उघड्यावर पडून मेलं. ड्रायव्हर हे सांगत होता आणि बसमध्ये पहिल्यांदाच गाण्याच्या भेंड्या थांबल्या.

जेटीवर वनखात्याचे लोक बॅगा उघडायला लागले आणि आमची मंडळी गांगरली. प्लॅस्टिकची पिशवी न्यायची नाही, वेफर्सचा पुडा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. आणि आमचा ग्रुप पडला सांगलीचा! प्रत्येक बॅगेत भडंग, आणि भडंग प्लॅस्टिकच्या पिशवीतच. एका आजींनी तर पिशवी छातीशी धरून ठेवली, "मी पोरांना खाली टाकू देत नाही, तुम्ही काळजी करू नका." तो वनरक्षक तमिळ, आजींना हिंदी तोडकं, पण पटवून घेण्यात दोघेही पक्के. शेवटी एका काकूंनी लाडवाचा मोठा स्टीलचा डबा काढला, लाडू तिथंच सगळ्यांना वाटले आणि रिकाम्या डब्यात सगळ्यांचं भडंग ओतलं. कांदा-लसणीचं, साधं, शेंगदाणे जास्तवालं, सगळं एकत्र. पाण्यासाठी तिथंच अनामत भरून बाटल्या मिळाल्या. त्या रक्षकालाही मूठभर भडंग दिलं. त्यानं खाल्लं आणि दुसऱ्या मुठीसाठी हात पुढं केला.

सांगलीला परतल्यावर मी भांडी बाजारातून कडीचे डबे एकगठ्ठा घेतले. आजही निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाच्या घरी डबा पोचतो आणि खाऊ त्यातच भरायचा असतो. लोकांना आधी जाच वाटायचा. आता जुनी गिऱ्हाइकं डबा परतच करत नाहीत, हा एक नवीनच खर्च.

त्या पहिल्या दिवशी पाण्यात काय बघितलं तेही सांगायला हवं. काचेच्या तळाच्या होडीत सगळे डोकी जुळवून बसले. खाली मेंदूसारख्या वळ्या असलेले गोल प्रवाळ, हरणाच्या शिंगांसारखे फाटे, जांभळ्या-निळ्या ओठांचा भलामोठा शिंपला. होडीवाला हा रांचीहून आलेल्यांच्या तिसऱ्या पिढीतला. तो एकेक दाखवत होता. नंतर मी मास्क लावून रिंगेला धरून पाण्यात तोंड घातलं. पहिल्यांदा ऐकू आला तो आवाज. कुणी खडीसाखर चावावी तसा, कुडुमकुडुम. पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेला हिरवा-निळा मासा प्रवाळाला तोंड लावून खरवडत होता. त्यावरचं शेवाळ हे त्याचं खाणं. त्याबरोबर खरवडलेला प्रवाळाचा चुना दळून पोटातून बाहेर पडतो, आणि त्याची बारीक वाळू होते. किनाऱ्यावरच्या ज्या पांढऱ्या वाळूत आमच्या बायका फोटो काढत होत्या, तिच्यातली बरीचशी अशी माशांच्या पोटातून आलेली. हे मी वर येऊन सांगितलं तेव्हा दोघीतिघी झटकन उठून उभ्या राहिल्या.

त्या सहलीनंतर गल्लीत ज्या गप्पा झाल्या त्यात जेल होतंच, सर तर कोठडीत ढसाढसा रडले होते. पण "तो बेटावरचा दिवस" हे शब्द फिरून फिरून यायला लागले. मग आम्ही ठरवलं, आपली टूर या दिवसाभोवती बांधायची. आधी परवाना, सोमवार टाळून, आणि त्याला धरून बाकीचं. धंद्याच्या दृष्टीनं हे वेडेपणाचंच. जाहिरातीत ज्याचे पॉइंट जास्त तो पुढं. एक गृहस्थ मोठ्या कंपनीचं पत्रक घेऊन यायचे आणि बोटांवर मोजून दाखवायचे, "त्यांचे एवढे पॉइंट, तुमचे निम्मेच, आणि पैसे तेवढेच?" मी म्हणायचे, काका, त्यांच्यात बसमधून उतरायला किती वेळ मिळतो तेही विचारा. ते तिकडंच गेले. ठीक आहे, सगळीच गिऱ्हाइकं आपली नसतात. ग्रुपही आम्ही वीस-बावीसच्या वर नेत नाही. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवायची तर तेवढीच माणसं झेपतात. कुणी दम लागला म्हणून प्रवाळावर पाय रोवून उभं राहिलं, की वर्षाला कुठं बोटभर वाढणारा फाटा एका क्षणात मोडतो.

2016 च्या उन्हाळ्यातला ग्रुप मला विसरता येत नाही. होडीच्या काचेखाली सगळं पांढरंशुभ्र. कॉलेजातली एक मुलगी ओरडली, "अय्या, किती गोड, बर्फासारखं!" होडीवाला काही बोलला नाही. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि सांगितलं की हे आजारी आहे. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग देतं आणि अन्नही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दीड अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की तो शैवालाला बाहेर टाकतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नाही, पाणी निवलं तर शैवाल परत येतं. फार दिवस गेले तर उपाशी मरतो आणि त्यावर करडं शेवाळ चढतं. अंदमानात 1998 ला आणि 2010 ला असंच झालं होतं. 2010 चं त्या होडीवाल्यानं स्वतः बघितलेलं. तो म्हणाला, काही भाग सावरले, काही नाही. पैसे भरून आलेल्या लोकांना काय दाखवायचं असा प्रश्न माझ्यापुढं होता. पण त्या मुलीनं परतीच्या बोटीत त्याला इतके प्रश्न विचारले की उलट त्या ग्रुपचा दिवस सगळ्यांत भरलेला गेला. पुढं तिनं प्राणिशास्त्र घेतलं, हे तिची आई भाजी मंडईत भेटली तेव्हा कळलं.

उन्हाळी सुट्टीतला ग्रुप तेव्हापासून आम्ही एप्रिलमध्येच आटपतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानात पाऊस दाखल होतो, त्याआधीच समुद्र बिघडायला लागतो, आणि बोट रद्द झाली की कुणाची समजूत काढणार?

दिनदर्शिकेचं राहिलं. नील बेटावर लक्ष्मणपूरच्या बाजूला दगडाची नैसर्गिक कमान आहे. ओहोटीला तिथला खडकाळ तळ उघडा पडतो आणि डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे अडकून राहतात. पोहता न येणाऱ्यांना, साडी नेसणाऱ्यांना समुद्र बघायला याहून चांगली जागा नाही. पण ओहोटी जेवढी खोल तेवढं दिसणार. माझी मावससासू मालवणची. तिला एकदा हे सांगत होते तर ती म्हणाली, "अगो, मग अष्टमीक कित्याक जातंस? तेव्हा भांग. अवसेक नायतर पुनवेक जा, उधाणाचा पाणी आत जाता तसाच लांब भायर पण जाता." भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस. तेव्हापासून तारखा ठरवताना आधी तिथी बघते आणि मग विमानाचे दर. दोन्ही जुळेपर्यंत डोकं उठतं. हे म्हणतात, तू टूर काढतेस की मुहूर्त?

बॅगांची एक तपासणी मीही करते, परतीच्या आदल्या रात्री. शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे सगळं बाहेर. प्रवाळ आणि मोठे शिंपले 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलला तरी विमानतळावर निघतो आणि विमान राहतं बाजूला. देवघरासाठी शंख हवा असेल तर तो परवानाधारक दुकानातून पावतीसकट घ्या, असं सांगते. आज्या-काकू रुसतात, पण बॅग उघडतात.

मार्च 2020 मध्ये सगळं ठप्प झालं. एप्रिलच्या ग्रुपचे पैसे भरलेले, त्यातले बहुतेक पेन्शनवाले. विमान कंपनीनं रोख परत द्यायचं नाकारलं, पुढच्या प्रवासाची जमा दिली. सत्तरीच्या माणसाला ती जमा काय कामाची? आम्ही विमा पॉलिसीवर कर्ज काढलं आणि पुन्हा जुनी पिग्मीची वही उघडली. फक्त उलटी. संचारबंदी सैल झाल्यावर मी स्कूटरवर घरोघरी जाऊन थोडे थोडे पैसे परत द्यायची आणि सही घ्यायची. काहींनी "राहू दे गं, पुढच्या वर्षी जाऊ" म्हणून दारातूनच परत पाठवलं. टूर पुन्हा सुरू झाल्यावर पहिली नावं त्यांचीच लागली.

आता भाची ऑफिसला बसते. मोबाइलवरचं बुकिंग, विमानं, परवाने ती बघते. ज्येष्ठांशी बोलणं आणि बोटीवर आलेपाक वाटणं माझ्याकडं. हॅवलॉकच्या बोटीत मळमळायला लागलं की गोळीआधी आलेपाक. जानेवारी 2024 पासून लक्षद्वीपच्या चौकशा फार वाढल्या आहेत. तिथं जायला आधी परवाना लागतो आणि राहायच्या जागा मोजक्याच. ग्रुपभर खोल्या एका वेळी मिळवणं आमच्यासारख्या लहान माणसाला अजून जमलेलं नाही, म्हणून नाव घेऊन ठेवते पण पैसे घेत नाही. त्याऐवजी नीलची एक रात्र वाढवली आहे. भाचीचं म्हणणं, त्या रात्रीचे पैसे वेगळे लावावेत. माझं म्हणणं, नॉर्थ बे वगळून त्यातच बसवावेत. यावर आमचं अजून ठरायचंय.