३०० मणी, २० झाडं

आंबा आढीत घालून पिकवता येतो. द्राक्ष एकदा तोडलं की पुढे गोड होत नाही. त्यामुळे निफाडकडच्या आमच्या एका बागायतदाराला थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट १८ ब्रिक्सला कधी येईल ते नेमकं हवं होतं. ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप. नाशिकच्या आमच्या ऑफिसातून ‘१५ फेब्रुवारी, फार तर एक दिवस मागेपुढे’ असा निरोप जायच्या बेतात होता. त्या भरवशावर टोळी आणि कंटेनर ठरणार होते.

मला तो ‘एक दिवस’ पटेना. आकडे उघडले. मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागल्यापासून, दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायच्या उपकरणावर) घेतलेल्या ३०० नोंदी आणि त्यांवर बसवलेला लॉजिस्टिक वक्र, म्हणजे आधी चढत जाऊन शेवटी कमाल गोडीला सपाट होणारी रेघ. सॉफ्टवेअरनं प्रत्येक नोंद स्वतंत्र धरून अनिश्चितता काढली होती. पण मणी होते २० झाडांचे. प्रत्येकाचे पाच वेळा, दर वेळी तीन. मुरमाड टोकाचं झाड गोडीत पुढे असेल, तर त्याचे पंधराही आकडे पुढेच असणार. तीनशे म्हणायचं, पण खरी माहिती विसाच्याच आसपास.

१९७९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांनी बूटस्ट्रॅपची पद्धत मांडली: हातातल्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या आणि उत्तर किती हलतं ते बघायचं. तीच वापरली, पण सुटे मणी न उचलता अख्खी झाडं उचलली. एक झाड काढायचं, परत ठेवायचं, पुन्हा काढायचं. वीस झाली की वक्र नव्यानं बसवायचा. असं २००० वेळा. मधल्या ९५ टक्के तारखा ११ ते २० फेब्रुवारी अशा पसरल्या. कमाल गोडी तर २० पासून २६ ब्रिक्सपर्यंत कुठेही जात होती! शेवटचं मोजमाप सरासरी साडेसोळाचं, वक्र सपाट होतो तो भाग अजून कुणी पाहिलेलाच नव्हता. कमाल वाढवा, वेग कमी करा, वक्र तितकाच छान बसतो. त्यामानाने १८ ची तारीख बरीच आवरलेली होती, कारण ती मोजलेल्या आकड्यांना लागून होती.

बागायतदार दादांना फोन केला. ते वैतागले. “मॅडम, एवढ्या दिवसांत मी काय ठरवू? मधेच पाऊस आला तर मणी तडकतील.”

त्यांची काळजी खरी होती. म्हणूनच खोटी खात्री द्यायची नव्हती. म्हटलं, “दादा, त्याच झाडांचे आणखी मणी तोडून उपयोग नाही. नवी झाडं मोजू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आणि मी दोन्ही टोकांची मिळून तीस नवी झाडं रिबिनी बांधून मोजली. मुरमाड आणि काळ्या जमिनीचा फरक वक्रात वेगळा धरला, तेव्हा पल्ले आखडले आणि तारखाही दोन निघाल्या. टोळी १३ ला मुरमाडात लागली, काळ्या जमिनीतला माल १७ नंतर उतरला.